सोनोग्राफीत गाठ दिसली. आता सीटी, एमआरआय की पेट?

प्रश्न

(पत्रलेखिका ठाण्यात घोडबंदर रोडला राहतात, वय ३६. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वडील ६३ वर्षांचे. वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग वर्कशॉपमधून निवृत्त झाले, आईबरोबर कळव्यात राहतात. १२ वर्षांपासून मधुमेह, गोळ्यांवर साखर बरी असते. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.४. सोसायटीच्या आरोग्य शिबिरातून सवलतीत सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये ग्रेड टू फॅटी लिव्हर, आणि लिव्हरच्या उजव्या भागात २.४ सेंटिमीटरची हायपरएकोइक (पडद्यावर पांढरी दिसणारी) गाठ. पुढे लिहिलंय, ‘हेमँजिओमा असू शकतो, पुढील तपासणी करावी’. फॅमिली डॉक्टरांनी ट्रिपल फेज सीटी लिहून दिला आहे.

पत्रलेखिका लिहितात : “भाऊ पुण्याहून सांगतोय, सरळ पेट स्कॅन करू, एकदाच काय ते कळेल. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, सीटीत रेडिएशन असतं आणि बाबांच्या किडनीला डाय झेपणार नाही, एमआरआयच कर. मावशीचं एकच पालुपद, काहीही करा पण सुई लावू देऊ नका, गाठ पसरते. लिव्हर फंक्शन आणि एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरच्या शंकेसाठी करतात ती रक्ततपासणी) दोन्ही नॉर्मल आल्यामुळे आईला वाटतं की आता काही करायलाच नको. बाबांना आम्ही गाठीचं बोललेलो नाही. गॅसेससाठी तपासणी आहे असं सांगून नेणार आहोत. पैशाची अडचण नाही. सगळ्यात चांगली तपासणी कुठली तेवढं सांगा, तीच करू.”

उत्तर

तुमच्या पत्रात भाऊ, मैत्रीण, मावशी, आई असे सगळे बोलताहेत. ज्यांच्या पोटात ती गाठ आहे त्यांना मात्र पत्ताच नाही. त्यावरून मला तुमच्याशी थोडं भांडायचंय, पण ते मागाहून. आधी तुमचा प्रश्न.

‘सगळ्यात चांगली तपासणी’ असं म्हणताना आपण मनात एक चढता क्रम धरलेला असतो : सोनोग्राफी, मग सीटी, मग एमआरआय आणि सगळ्यात वर पेट. बिलाचा आकडा साधारण याच क्रमाने चढतो, त्यामुळे माहितीही तशीच वाढत जात असेल असं वाटतं. लिव्हरच्या बाबतीत हे खरं नाही. अर्धं आयुष्य या प्लेटा वाचण्यात गेलं आहे, त्या अनुभवावरून सांगते : सगळ्यात महागडी तपासणी इथे अगदी साध्या प्रश्नाला चुकीचं उत्तर देऊ शकते. प्रत्येक यंत्र वेगळं काहीतरी बघतं. आपल्याला काय विचारायचंय ते आधी ठरवावं लागतं, यंत्र त्यानंतर.

तुमच्या बाबांच्या बाबतीत विचारायचं काय आहे? २.४ सेंटिमीटरची ती पांढरी गाठ कसली आहे, एवढंच. सोनोग्राफीवर पांढरी दिसणारी गाठ बहुतेकदा हेमँजिओमा निघते, म्हणजे रक्तवाहिन्यांचा एक निरुपद्रवी पुंजका. लिव्हरमधल्या साध्या गाठींत हीच सगळ्यात जास्त आढळते. चाळिशीतल्या धडधाकट माणसाच्या चांगल्या लिव्हरमध्ये अशी एकसारखी पांढरी, तीन सेंटिमीटरच्या आतली गाठ दिसली तर कित्येकदा सोनोग्राफीवरच विषय संपतो. तुमच्या बाबांचा तिथे संपवता येत नाही, कारण त्यांचं लिव्हर ‘चांगलं’ आहे की नाही हेच आपल्याला अजून ठाऊक नाही. फॅटी लिव्हर मुळातच पडद्यावर पांढुरकं दिसतं. त्यात एखाद्या ठिकाणी चरबी जरा जास्त साठली तरी गाठीचा भास होतो, आणि उलट खराखुरा हेमँजिओमा अशा लिव्हरमध्ये कधीकधी काळा दिसतो. लिव्हरचा छोटा कॅन्सर आणि दुसरीकडून येऊन बसलेल्या कॅन्सरच्या काही गाठी, याही पांढऱ्या दिसू शकतात. म्हणून त्या रिपोर्टवर ‘असू शकतो’ लिहिलंय. ते लिहिणाऱ्याने अंग चोरलेलं नाही, प्रामाणिकपणे लिहिलंय.

म्हणजे गाठीइतकंच तिच्या भोवतालचं लिव्हर महत्त्वाचं. कोणत्याही सेंटरला फोन लावण्याआधी तीन-चार गोष्टी उरकून घ्या.

पहिलं काम फुकटचं आहे. घरातल्या जुन्या फायली काढा. बाबांचं कधी हर्नियाचं, मुतखड्याचं काही झालं होतं का? कंपनीची वार्षिक तपासणी, विम्याची मेडिकल? चार-पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या सोनोग्राफीत हीच गाठ याच जागी, याच आकाराची लिहिलेली सापडली, तर त्या एका कागदाचं वजन नव्या कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त भरेल. तेव्हा २.२ आणि आता २.४ असेल तर ‘वाढली’ म्हणून घाबरू नका. दोन वेगळे डॉक्टर, दोन वेगळी यंत्रं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक मोजण्यातच पडतो.

दुसरं, रक्ताच्या दोन साध्या तपासण्या : हेपॅटायटिस बी आणि हेपॅटायटिस सी. पत्रात त्यांचा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा झालेल्या नाहीत. हेपॅटायटिस बी असेल तर सिरॉसिस (लिव्हर कायमचं निबर होणं) झालेला नसतानाही लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो, आणि पुढच्या प्रत्येक चित्राचा अर्थ त्यामुळे बदलतो. सोबत हिमोग्रामच्या जुन्या रिपोर्टमधले प्लेटलेट्स बघा. ते वर्षानुवर्षं कमी होत आलेले असतील तर लिव्हर आतून निबर होत असल्याची शंका घ्यायला जागा आहे. फायब्रोस्कॅन नावाची बिनदुखण्याची तपासणी मिळते, ती लिव्हरचा कडकपणा मोजते; गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा. आणि बाबांचं वजन कमी झालंय का, शौचातून रक्त पडतं का, पूर्वी कुठला कॅन्सर होऊन गेलाय का, हेही विचारा. निरोगी लिव्हरमध्ये वाईट गाठ निघालीच, तर ती लिव्हरची स्वतःची असण्यापेक्षा आतडं किंवा आणखी कुठून आलेली असण्याची शक्यता अधिक असते.

आता यंत्रांकडे येऊ. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण हे कळलं की निम्मी भांडणं आपोआप मिटतात.

लिव्हरला रक्त दोन बाजूंनी येतं. सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून पोर्टल व्हेनमधून आणि उरलेलं एक चतुर्थांश थेट धमनीतून. लिव्हरमध्येच सुरू झालेला कॅन्सर, ज्याला डॉक्टर एचसीसी म्हणतात, तो पोसला जातो जवळपास पूर्णपणे धमनीवर. त्यामुळे हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट (मैत्रीण ज्याला ‘डाय’ म्हणते ते औषध) सोडलं की पहिल्या ३५ ते ४० सेकंदांत, धमनीचं रक्त पोचतं तेव्हा, ही गाठ बाकीच्या लिव्हरपेक्षा उजळ होते. ७० सेकंदांच्या आसपास पोर्टल व्हेनचं रक्त येतं, सगळं लिव्हर उजळतं आणि गाठ फिकी पडू लागते. तीन ते पाच मिनिटांनी बघितलं तर ती भोवतालच्या लिव्हरपेक्षा काळपट झालेली असते. हेमँजिओमाचं वागणं अगदी वेगळं. तो कडेकडेने ठिपक्याठिपक्यांनी उजळतो, कॉन्ट्रास्ट हळूहळू आत सरकतं आणि शेवटच्या फेरीत बहुधा गाठ भरून येते, उजळच राहते. मोठ्या आतड्याकडून आलेल्या गाठी बहुतेकदा पोर्टलच्या वेळेला सगळ्यात स्पष्ट दिसतात, काळपट आणि कडेला वलय घेऊन.

‘ट्रिपल फेज’ या दोन शब्दांची किंमत यात आहे. कॉन्ट्रास्ट देऊन फक्त एकदाच फोटो काढला, तर तो वरात पुढे निघून गेल्यावर काढलेल्या फोटोसारखा : रस्ता दिसेल, नवरदेव दिसणार नाही. मी असे कितीतरी सीटी बघितले आहेत. यंत्र उत्तम, फिल्म लखलखीत, पण चिठ्ठीवर नुसतं ‘सीटी ॲबडोमेन विथ कॉन्ट्रास्ट’ लिहिलेलं. मग तंत्रज्ञ एकाच वेळेला स्कॅन घेतो, गाठ दिसते, कसली ते कळत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. पैसे दोनदा, रेडिएशन दोनदा. तुमच्या डॉक्टरांनी नेमके शब्द लिहिले आहेत, ती चिठ्ठी जपून ठेवा आणि अपॉइंटमेंट घेताना फोनवर वाचून दाखवा. शिवाय एक प्रश्न विचारा : तीन-पाच मिनिटांनंतरची डिलेड फेरीसुद्धा घेणार ना? काही ठिकाणी कॉन्ट्रास्टच्या आधीचा साधा स्कॅन धरून तीन फेऱ्या मोजतात, आणि मग नेमकी हीच गळते.

सीटीची बाजू अशी की तो झटपट होतो. कोपराजवळ सुई लावतात, पंपाने औषध जोरात आत जातं, अंगभर ऊब पसरते आणि पुष्कळांना लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते, ते बाबांना आधी सांगून ठेवा. मग मशीनमधला आवाज, ठाण्यातही बहुतेक ठिकाणी हिंदीतच, ‘सांस लीजिए, रोकिए’. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर. लिव्हरबरोबर आतडी, स्वादुपिंड, फुफ्फुसांचा खालचा भागही बघून होतो. रेडिएशन असतं, आणि तीन फेऱ्या म्हटल्यावर साध्या सीटीपेक्षा जास्त असतं. पण ६३ व्या वर्षी, गाठीचा उलगडा व्हायचा असताना, त्या भीतीने सीटी टाळणं शहाणपणाचं नाही. पंचविशीतल्या मुलीच्या बाबतीत मी वेगळं सांगितलं असतं.

किडनीबद्दल मैत्रिणीने जे सांगितलं त्याचं गणित मांडू. क्रिएटिनिन १.४ हा आकडा एकटा पुरेसा नसतो. वय धरून त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, काढतात. तुमच्या बाबांचा तो ५५ च्या आसपास येईल. सीटीच्या कॉन्ट्रास्टची खरी धास्ती ३० च्या खाली असते. म्हणजे डाय झेपणार नाही हे त्यांना लागू नाही, फक्त क्रिएटिनिनचा रिपोर्ट ताजा असावा. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेत असतील तर काही सेंटर त्या दिवशी आणि पुढचे ४८ तास गोळी बंद ठेवायला सांगतात. ईजीएफआर ३० च्या वर असताना त्याची सहसा गरज नसते, पण हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, चालूही करू नका. उपाशीपोटी बोलावतील, तेव्हा सकाळची पहिली वेळ मागून घ्या आणि त्या सकाळच्या मधुमेहाच्या गोळीचं काय करायचं ते आदल्या दिवशीच विचारा. साखर उतरून सेंटरच्या बाकावर घामाघूम झालेले रुग्ण आम्हाला नवीन नाहीत.

एमआरआयमध्ये रेडिएशन नाही, आणि तो निव्वळ उजळ-काळपट याच्या पलीकडचं सांगतो. गाठीत पाणी किती, चरबी किती, पेशींची दाटी किती, हे वेगवेगळ्या फेऱ्यांत दिसतं. हेमँजिओमा एका विशिष्ट फेरीत दिव्यासारखा पांढरा होतो. चरबीचा भास असेल तर दोन फेऱ्यांची तुलना करताच तो उघडा पडतो. दोन सेंटिमीटरच्या आतल्या गाठी पकडण्यात एमआरआय सीटीच्या पुढे आहे. त्यातही लिव्हरसाठीचं खास कॉन्ट्रास्ट मिळतं, गॅडोक्सेटेट नावाचं. त्याचा जवळपास निम्मा भाग लिव्हरच्या जिवंत पेशी शोषून घेतात. २० मिनिटांनी बघितलं की निरोगी लिव्हर उजळलेलं आणि ज्या गाठीत लिव्हरच्या कामकरी पेशी नाहीत ती काळी. एफएनएच आणि अडेनोमा या दोन साध्या गाठींत फरक करायचा असेल, विशेषतः तरुण बायकांमध्ये, तेव्हा याचा फार उपयोग होतो. हे औषध महाग आहे आणि सरसकट लागत नाही. कावीळ बरीच चढलेली असेल तर ते नीट शोषलंही जात नाही.

एमआरआयची खोड अशी की तो रुग्णावर अवलंबून असतो. अर्धा-पाऊण तास अरुंद बोगद्यात, ठकठक आवाजात पडून राहायचं आणि दर वेळी सांगितलं की १५-२० सेकंद श्वास धरायचा. श्वास सुटला की चित्र हललं. पोटात पाणी झालेल्या, धाप लागणाऱ्या माणसाचा एमआरआय कित्येकदा त्याच्या सीटीपेक्षा वाईट निघतो. मैत्रिणीला हे नक्की सांगा.

भावाचं पेट. ते एका साखरेवर चालतं. साखरेसारखं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. जिथे पेशी भराभर साखर खातात तिथे चमकतं. पण साखर हे लिव्हरचं रोजचंच काम. निरोगी लिव्हरही मंद चमकतं, आणि फार बिघडलेला नसलेला एचसीसी आत घेतलेली साखर पुन्हा बाहेर सोडून देतो. त्यामुळे एचसीसीच्या बऱ्याच गाठी, काही अभ्यासांत निम्म्याच्या आसपास, पेटवर चमकतच नाहीत. उलट पू झालेली साधी गाठ छान चमकते. म्हणजे ‘एकदाच काय ते कळेल’ हे इथे होत नाही. सगळ्यात महागडी तपासणी होऊन रिपोर्टवर ‘चमक नाही’ येईल, घरात पेढे वाटले जातील आणि गाठ कसली ते कळायचं राहूनच जाईल. कॅन्सर सिद्ध झाल्यावर तो आणखी कुठे पसरलाय का, किंवा आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णात लिव्हरबाहेर काय आहे, हे बघायला पेट उत्तम. भावाला सांगा, तुझी वेळ आलीच तर नंतर येईल. (जाता जाता : त्या औषधाचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो आणि डोस ठरलेल्या वेळेसाठी मोजून मागवलेला असतो. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकलात तर तिकडे सेंटरवर निम्मा डोस संपलेला. ज्यांना कधी पेट करायचंच असेल त्यांनी घरातून लवकर निघावं.) मधुमेहींची साखर त्या दिवशी ताब्यात नसली तर तपासणी पुढे ढकलतात, हेही लक्षात असू द्या.

चौथा एक मार्ग फारसा कुणी सुचवत नाही : कॉन्ट्रास्ट देऊन केलेली सोनोग्राफी. त्यात शिरेतून वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात, ते फुफ्फुसावाटे निघून जातात, किडनीचा संबंध येत नाही. गाठ कशी उजळते-मावळते ते डॉक्टर समोर बसून बघतात. डायलिसिसवरच्या रुग्णांना आणि एमआरआय-सीटी दोन्ही अडलेल्यांना याबद्दल जरूर विचारता येईल. मर्यादा दोन : एकावेळी एकच गाठ नीट बघता येते, आणि खोलवरची गाठ, त्यातून चरबीने भरलेलं लिव्हर असेल, तर दिसणं अवघड. हातखंडा असलेला डॉक्टरही मिळायला हवा.

आता आईचा मुद्दा. एएफपी नॉर्मल आला हे चांगलं झालं, पण त्यावर निजानीज करता येत नाही. एचसीसी झालेल्या पुष्कळ रुग्णांत, विशेषतः गाठ छोटी असताना, एएफपी नॉर्मलच असतो. आणि हेपॅटायटिसमध्ये कॅन्सर नसतानाही तो वाढतो. लिव्हर फंक्शनचं तर असं की एका कोपऱ्यात अडीच सेंटिमीटरची गाठ असली तरी उरलेलं लिव्हर सगळं काम बिनबोभाट उरकतं. गाठ आहे की नाही हे सांगण्याचं काम त्या रिपोर्टचं नव्हतंच.

मावशींची भीती निराधार नाही, फुगवलेली आहे. तुकडा तपासायला एचसीसीच्या गाठीला सुई लावल्यावर (हीच बायॉप्सी) सुईच्या वाटेत पेशी रुजण्याचा धोका असतो; जुन्या अभ्यासांत तो शंभरात दोन-तीन असा आला होता. रक्तस्रावाचाही थोडा धोका असतो. म्हणूनच जिथे चित्रावर भागतं तिथे सुई लावत नाहीत. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०११ मध्ये यासाठी लाय-रॅड्स नावाची पद्धत आणली. तिच्यात गाठीला एक ते पाच असा दर्जा देतात, आणि पाच आला तर बायॉप्सीशिवाय एचसीसी धरून उपचार करता येतात. पण ही पद्धत ज्यांना सिरॉसिस आहे किंवा जुनाट हेपॅटायटिस बी आहे अशांसाठीच आहे. नुसत्या फॅटी लिव्हरच्या माणसात तेच चित्र दिसलं तरी तेवढ्यावर निदान करता येत नाही, तिथे सुई लागू शकते. वर मी हेपॅटायटिसच्या तपासणीचा आणि फायब्रोस्कॅनचा एवढा आग्रह का धरला ते आता लक्षात येईल. ज्या दिवशी सुईची खरंच गरज पडेल त्या दिवशी मावशींना मध्ये घेऊ नका. निदान न होता उपचार सुरू करणं किंवा उपचारच न करणं, हा त्या दोन-तीन टक्क्यांपेक्षा फार मोठा जुगार आहे.

तर मी काय करेन? बाबांना श्वास धरता येत असेल, बोगद्याची भीती नसेल, आणि आठवड्याभरात नीट जागी तारीख मिळत असेल, तर कॉन्ट्रास्टसह लिव्हरचा एमआरआय. कारण फॅटी लिव्हरवरची पांढरी गाठ हा नेमका एमआरआयच्या हातचा प्रश्न आहे आणि बहुधा तिथेच त्याचा निकाल लागेल. फॅमिली डॉक्टरांना जाऊन हे विचारा, पण विचारा ‘लिव्हर फॅटी आहे म्हणून एमआरआय बरा पडेल का’ असं. ‘नेटवर वाचलं’ म्हणून नको. ते म्हणाले सीटीच करू, तर निर्धास्त सीटी करा. त्यांनी लिहून दिलेली तपासणी चुकीची नाही. सीटीत हेमँजिओमाचं नेहमीचं चित्र दिसलं तर तिथेच थांबायचं, ‘तरी पण एक एमआरआय’ करायचा नाही. सीटीत ठरलं नाही तर एमआरआय आहेच. आणि एमआरआयची तारीख तीन आठवड्यांनंतरची असेल तर तिच्यासाठी अडून बसण्यापेक्षा सीटी केव्हाही बरा.

रिपोर्टमध्ये ‘निश्चित सांगता येत नाही, तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा करा’ असंही येऊ शकतं. त्याला दुर्लक्ष समजू नका. गाठ वाढते का हे बघणं हीही तपासणीच आहे. अशा काळात गाठ विरघळवणारे काढे घरात येऊ लागतात. त्यातल्या कित्येकांनी लिव्हरच बिघडतं आणि पुढच्या चित्रात नवा गोंधळ होतो. तेवढं दारातूनच परत पाठवा.

ज्या वाचकांची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सिरॉसिस असलेल्यांनी, आणि हेपॅटायटिस बी असलेल्यांपैकी डॉक्टर सांगतील त्यांनी, काही त्रास नसला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते. तिथे तीच पहिली आणि योग्य तपासणी, दर वेळी एमआरआय नको. ताप, थंडी आणि उजव्या बरगडीखाली दुखणं असेल तर गाठ म्हणजे पूही असू शकतो. तेव्हा स्कॅनची तुलना करत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्यांनी लिव्हरमधली कुठलीही नवी गाठ आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवावी, फॅमिली डॉक्टरांना नंतर.

आता भांडणाचं.

एमआरआयच्या आधी एक फॉर्म भरून घेतात. त्यात पेसमेकर, शरीरातली क्लिप, स्टेंट असं विचारतात, आणि एक प्रश्न असा असतो : डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का? तुमचे बाबा आयुष्यभर वर्कशॉपमध्ये होते. ग्राइंडिंग करताना चष्मा न घालता उडालेली किस, मग कंपनीच्या डॉक्टरने काढलेली किंवा ‘गेली असेल’ म्हणून सोडून दिलेली, हे त्या पिढीच्या कामगारांत नवलाचं नाही. आत राहिलेला लोखंडाचा कण त्या चुंबकात सरकू शकतो आणि डोळा जाऊ शकतो. हे तुम्हाला ठाऊक आहे? भावाला? आईलाही असेलच असं नाही. गॅसेसच्या तपासणीला आलोय असं समजणारा माणूस अशा प्रश्नाला घाईने ‘नाही’ म्हणून टाकतो. लहानपणी कावीळ झाली होती का, कधी रक्त चढवलं होतं का, मित्रांबरोबर किती घेतात, याचीही खरी उत्तरं त्यांच्याचकडे आहेत, आणि ती ते मुलीला नाही, डॉक्टरांना एकट्यात देतील.

आणि गुपित टिकत नाही हो. संमतिपत्रावर सही त्यांचीच लागते. रिपोर्टची लिंक त्यांच्या मोबाइलवर येते. पुढे दुसऱ्या मतासाठी खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात जायची वेळ आली, तर दारावरची पाटी तुम्ही झाकणार आहात का? निवृत्त फिटर आहेत ते, मायक्रोमीटर वाचत आयुष्य गेलंय. तुम्ही कुजबुजताय हे त्यांना एव्हाना कळलंही असेल.

त्यांना सांगायला मोठं भाषण नको. “बाबा, सोनोग्राफीत लिव्हरवर एक छोटी गाठ दिसलीय. अशा गाठी बऱ्याचदा साध्या निघतात. नक्की कसली ते बघायला आणखी एक तपासणी सांगितलीय.” एवढं पुरे. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. ‘काही नाहीये हो’ असं वचन मात्र देऊ नका, ते द्यायचा अधिकार आत्ता कुणालाच नाही. त्यांनी विचारलं, कॅन्सर असेल का, तर म्हणा, शक्यता कमी वाटते, पण तेच बघायला चाललोय. मग गप्प बसा आणि त्यांना बोलू द्या. जमलं तर आईही तिथे असू दे.

सेंटर निवडताना एमआरआयचं मशीन किती टेस्लाचं (चुंबक किती ताकदीचं) यापेक्षा तिथे लिव्हरच्या तपासण्या नेहमी होतात का आणि रिपोर्ट कोण वाचणार, हे विचारा. जुनी सोनोग्राफी सोबत न्या आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांपर्यंत ती पोचेल असं बघा. काउंटरवरच पडून राहते पुष्कळदा. निघताना फिल्मवर समाधान मानू नका, पूर्ण डेटाची सीडी किंवा लिंक मागा. फिल्मवर निवडक चित्रं असतात, दुसऱ्या डॉक्टरांना सगळ्या फेऱ्या सरकवून बघाव्या लागतात. सीडी हातात असली की दुसऱ्या मतासाठी सहसा पुन्हा स्कॅन करावा लागत नाही. ॲक्ट्रेकला जायचंच झालं तर कळव्याहून ठाण्याला या आणि तिथून पनवेलची गाडी धरा, ती थेट खारघरला जाते. पण तिकडे आत्ताच धावायची गरज नाही. चित्र संशयास्पद आलं तर फाइल, सीडी आणि रक्ताचे रिपोर्ट घेऊन जा.

पैशाची अडचण नाही म्हणालात, तरी पावत्या आणि डॉक्टरांची मूळ चिठ्ठी फाइलला लावून ठेवा. बाबांचा आरोग्य विमा असेल तर नुसत्या स्कॅनचे पैसे बहुधा मिळणार नाहीत. पण पुढे ॲडमिट व्हावं लागलं तर ॲडमिट होण्याआधीच्या ठरावीक दिवसांतला तपासण्यांचा खर्च बहुतेक पॉलिसींत धरतात. आणि ज्या वाचकांना खर्चाचीच चिंता आहे, त्यांनी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात जाऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटावं. कुठली तपासणी योजनेत बसते आणि कुठली खिशातून करावी लागेल, ते स्कॅनची तारीख घेण्याआधी विचारून घ्यावं.